खणावरचे आकडे
खडूचा वास आला की मला जबलपूरच्या सिविल लाइंसमधलं आमचं ऑफिस आठवतं. सरकारी क्वार्टर मागणाऱ्यांची कार्डं तिथे अर्जाच्या तारखेनुसार बारा खणांत लावलेली असत. कार्ड चटकन सापडे. पण रांगेत नंबर कितवा हे सांगायला मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, पहिल्या कार्डापासून मोजत, आणि मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. शहपुऱ्याहून आलेला एक फिटर असाच नंबर न कळता तिसऱ्यांदा परत निघाला. मी त्याला उद्या यायला सांगितलं. "बायकोचे दिवस भरत आले जी. भाड्यानं खोली घेऊ का थांबू, एवढंच सांगा." दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन प्रत्येक खणातली कार्डं मोजली आणि आकडा खडूनं खणावरच लिहिला. तो आल्यावर आधीच्या खणांचे आकडे जोडले, त्याच्या खणातली त्याच्या कार्डापर्यंतची एकतीस कार्डं मोजली आणि ओरडलेच, "चारशे एकोणीस!" बाबू भडकले. "काय करून राहिली तू? उद्या कुणाला क्वार्टर मिळून कार्ड काढलं तर?" "त्याच खणाचा आकडा बदलायचा, बस!" त्यांनी हट्टानं पहिल्यापासून मोजलं, फिटर आणि मी बघत उभे. चारशे एकोणीसच! "चलो, खोली बघतो," म्हणत फिटर हसत पळाला. दुसऱ्या दिवशी बाबूंनी स्वतःच खडूची पेटी आणली. आता रांगेतला नंबर मोबाईलवर क्षणात येतो, आणि मी उगाच बोटं पदराला पुसते.