बापूचं अडकलेलं दार

बापू गेल्याचा निरोप घेऊन त्याचा मेहुणा ठाण्याहून डोंबिवलीला आला, तेव्हा मी आधी हसलोच. एका कंटाळवाण्या बारशाला जायचं टाळायला बापूने पूर्वी स्वतःच्याच मरणाचा निरोप धाडला होता. पण मेहुणा उंबऱ्यातच बसला, पाणीसुद्धा मागेना... मग मी चपला शोधू लागलो.

बापू रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी पंधरा मिनिटांची विनोदी कौटुंबिक श्रुतिका करायचा. लिहायचा तोच, आणि दार, भांडी, पाऊस, सासूबाईंचा खोकला हे सगळे आवाजही तोच काढायचा. त्याच्या पावसाने डोंबिवलीतल्या बायका वाळत घातलेले पापड उचलायला धावत, हे मी शपथेवर सांगतो. पण हा वाघ एकाच गोष्टीला भ्यायचा. स्टुडिओत हसायला कोणी नसे. लोक हसले की नाही, कळणार कसं? म्हणून माझी नेमणूक. स्टेशनजवळच्या हॉटेलात रेडिओखाली बसून कुठल्या वाक्याला किती हशा आला ते मी टिपायचं, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी त्या भागाची चिरफाड करायची.

एका बुधवारी केंद्रावरच्या साहेबांनी त्याला बजावलं, हा आणि पुढचा भाग पडला तर मालिका बंद. गोष्ट साधी. घरमालक दारात, नवरा कपाटात, बायको गोड गोड बोलतेय, आणि नेमक्या क्षणी कपाट करकरतं. त्या करकरण्यावर सगळा डोलारा. त्यासाठी बापूने चौकटीत बसवलेलं हातभर उंचीचं दार केलं होतं. कार्यक्रम थेट जायचा. चुकलं की चुकलं. घरमालकाने विचारलं, "कपाटात कोण आहे?" आणि... काहीच नाही. दार दमटपणाने अडकलं होतं. हॉटेलात चिडीचूप. कप ओठांशी थांबले. गल्ल्यावरचा शेट्टी उठून रेडिओला थापडा मारू लागला. माझ्या घामाने बशी भरली. पाचच सेकंद असतील, पण तेवढ्यात माझे अर्धे केस पिकले. शेवटी दार करकरलं. कोणी हसलं नाही. मी कागदावर लिहिलं, 'प्रचंड हशा'.

सकाळी बापू आला तो पिठासारखा पांढरा.

"दत्तू, खरं सांग. दारापाशी काय झालं?"

"अरे, लोक बाकांवरून पडले! शेट्टीने दोघांना उचलून बसवलं."

तो कागदाकडे बघत राहिला. "मग पुढच्या बुधवारी आणखी थांबतो."

मेलो! माझ्या थापेवर हा मालिका पणाला लावणार. आठवडाभर मला अन्न गेलं नाही, म्हणजे आठऐवजी सहाच पोळ्या. बुधवारी पुन्हा तेच कपाट, तोच प्रश्न आणि त्याहून लांब शांतता... मी डोळे मिटले. इतक्यात कोपऱ्यातले मास्तर म्हणाले, "अडकलं वाटतं पुन्हा!" आणि दार करकरताच हॉटेल हशाने दणाणलं. मालिका वाचली. पुढे लोक त्या अडकण्याचीच वाट बघू लागले. माझ्या थापेने वाचवलं, असं मी मनात मिरवत राहिलो.

परवा बापूच्या घरी वहिनींनी माझ्या कागदांचा गठ्ठा हातात दिला. पहिल्याच कागदाच्या कडेला बापूचं अक्षर : 'दत्तूचे हशे निम्मे धरावेत.' आणि त्या बुधवारच्या कागदावर : 'दत्तूचं अक्षर कापतंय. कोणी हसलेलं नाही. पुढच्या वेळी मुद्दाम अडकवायचं, म्हणजे या वेळचंही ठरवून केलेलं वाटेल. दत्तूला बोलू नये, घाबरेल.'

ते दार अजून त्याच्या टेबलावर आहे. मी ओढलं. अडकलं. चहा गाळता गाळता वहिनीही थांबल्या... आणि आम्ही दोघं करकरण्याची वाट बघत राहिलो.