किडकी सुपारी

बनारसच्या दुर्गाघाटावरच्या बोळातल्या अकरा घरांच्या किल्ल्या शरदिनी टोकेकरांकडे असत. कुणी लग्नाला नागपूरला निघालं, कुणी नुसतं चौकातल्या बाजारात गेलं, तरी जाताना किल्ली काकूंच्या हातात. काकू त्या देवघराशेजारच्या फळीवर खिळ्यांना अडकवून ठेवत आणि येताजाता मोजत. त्यांच्यावर बोळाचा एवढा विश्वास होता, कारण त्यांचा स्वतःचा कुणावरही नव्हता. गवळ्याचं दूध बोटावर घेऊन त्या थेंब ओघळतो का ते पाहत. तेलाच्या डब्यावर त्यांची कोळशाची खूण असे. नवरा, नरहरपंत, यात्रेकरूंची श्राद्धं सांगायचे. ते घरी आले की दक्षिणेआधी काकू त्यांच्या धोतराचं टोक बघत, भलत्याच घाटावर चिखलात उतरले होते का म्हणून.

एक्क्याऐंशी सालच्या मे महिन्यात बोळातल्या बायकांनी पोहायला शिकायचं काढलं, तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न होता, "फुकट? फुकट कोण शिकवतं?"

शिकवणार होती मृणालिनी. ती मुलींच्या एका कॉलेजात खेळ शिकवायची. नाशिककडची, तिशीतली, ब्रह्माघाटाजवळ एकटीच खोली घेऊन राहायची. जन्म गंगेकाठी काढलेल्या बायकांना गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहता येत नाही, याचं तिला नवल वाटलं होतं. तिने आठ जणी गोळा केल्या. शिकायचं पलीकडच्या रेतीवर, कारण घाटावर बघणारे फार.

"नवरा कुठे असतो तिचा?" काकूंनी विचारलं.

"नाहीये, काकू," बकुळ म्हणाली. बकुळ समोरच्या घरातली, फाल्गुनात लग्न होऊन आलेली. जन्माने बनारसचीच, त्यामुळे मराठीत हिंदी मिसळून बोलायची. "लग्नच नाही केलं."

"नाही केलं का झालं नाही?"

"मला क्या पता."

"मग विचार करा. एकटी बाई, फुकट शिकवते, आणि नदीच्या पल्याड नेते."

पण काकूही गेल्या. बायकांनीच बोलावलं त्यांना. पाण्यात उतरताना पाटल्या, साखळ्या, कुड्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर बोळात एकच होतं.

रोज पहाटे विष्णु मल्लाहाची नाव सुटायची. पलीकडे पोचलं की काकूंच्या हुकमाने विष्णु नावेच्या टोकाला रेतीकडे पाठ करून बसायचा. बायका अंगावरचं सोनं काढून द्यायच्या, काकू ते हिरव्या खणात बांधून कमरेला खोचायच्या आणि छत्री उघडून रेतीवर बसायच्या. अशा खणांची त्यांच्याकडे ट्रंक भरली होती. भटजीच्या घरात खण विकत आणावे लागत नाहीत.

मृणालिनीने प्रत्येकीला घरून लाकडी पाट आणायला सांगितला होता. पाट छातीशी धरायचा आणि पाय मारायचे. आधी कोरड्या रेतीवर, मग पाण्यात. लेकीसुनांच्या सलवार-कुडत्यांत शिरलेल्या आठ बायका, पोटाखाली जेवणाचे पाट घेऊन रेतीवर पालथ्या पडून पाय हापटत आहेत, हे काकूंनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि छत्री जराशी पुढे ओढली.

"ज्यावर बसून जेवायचं तो छातीखाली," त्या म्हणाल्या. "आणि गंगामाईला लाथा."

"तिला सवय आहे, काकू," लतिका म्हणाली. लतिकाचा नवरा बँकेत अधिकारी, बदली होऊन इथे आलेला. तिला काकूंची भीती वाटत नसे. "बनारसचे नाले तर तिच्यातच येतात."

पाण्यात मात्र गाडं अडलं. घाटावर उतरलं की सूर्य समोर असतो. रेतीवर तो पाठीशी. बायका पाण्यात शिरल्या की जुन्या सवयीने वळून सूर्याकडे तोंड करायच्या, म्हणजे नदीकडे पाठ. मृणालिनी त्यांना एकेक करून फिरवायची. आणि तोंड पाण्यात घाला म्हटलं, की प्रत्येकीचा हात नाकावर. नाक चिमटीत धरायचं, तीन बुडक्या, हर गंगे, आणि वर. एका हाताने नाक धरून पोहता येत नाही, हे मृणालिनीने नऊ दिवस सांगितलं. नऊ दिवस त्या नाक धरून आंघोळ करून घरी आल्या.

दहाव्या दिवशी रोवलेल्या बांबूपर्यंत जायचं ठरलं. पाणी छातीला लागायचं तिथे. बकुळची सासू म्हणाली, पहिल्यांदा खोल पाण्यात जाताय तर गंगेची ओटी भरल्याशिवाय नाही. ओटी काकूंनी भरायची, त्या वयाने मोठ्या आणि सवाष्ण. काकूंनी ट्रंकेतून आणखी एक हिरवा खण काढला, त्यात तांदूळ, हळकुंड, खारीक, सुपारी बांधली. त्या दिवशी कमरेला दोन पुरचुंड्या होत्या, डावीकडे ओटी आणि उजवीकडे सोनं. विष्णुने नाव बांबूपाशी नेली. काकू वाकल्या, हळदकुंकू पाण्यात सोडलं, पुरचुंडी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून सोडली आणि नमस्कार केला. परत आल्या, उरलेली पुरचुंडी हळदकुंकवाच्या टोपलीत ठेवून टोपली मांडीशी घेतली.

तासाभराने बायका ओल्या, लाल डोळ्यांच्या बाहेर आल्या. काकूंनी गाठ सोडली. आत तांदूळ होते.



"म्हणजे सोनं गंगेत गेलं," लतिका म्हणाली.

"ओटी मी गंगेत टाकली," काकू म्हणाल्या. "ही माझी नाही."

"काकू, दोन्ही खण सारखेच होते," मृणालिनी हळू आवाजात म्हणाली. "चुकून होतं. आपण तिथे बांबूपाशी बघू या."

ती हे समजुतीने म्हणाली, आणि काकूंना नेमकी तीच समजूत सहन झाली नाही. तीस वर्षांत एक किल्ली इकडची तिकडे झाली नव्हती.

"चुकून," त्या म्हणाल्या. "मधेच शिट्टी घ्यायला बाहेर कोण आलं होतं? टोपलीत हात कुणी घातला?"

मृणालिनीने गळ्यातल्या शिट्टीला हात लावला. ती टोपलीतूनच घेतली होती तिने, सगळ्यांनी पाहिलं होतं. तिचा चेहरा पडला. ती काही बोलली नाही, आणि न बोलणं हे काकूंच्या लेखी कबूल केल्यासारखंच होतं. विष्णुकडेही त्यांनी पाहून घेतलं.

"माताजी, हम तो पीठ करके बैठे थे," विष्णु म्हणाला. "आप ही ने कहा था."

नाव परत येईपर्यंत दोन तट पडले होते. अर्ध्या बायका मृणालिनीच्या अंगाला अंग लागू नये असं बसल्या होत्या, अर्ध्या काकूंच्या. बकुळ मधे बसून बोटावरचा अंगठीचा पांढरा वळ चोळत होती.

दुपारी पहिली किल्ली गेली. शेजारच्या घरातली सून आली, म्हणाली, आज घरातच आहोत, किल्ली लागेल. मग दुसरी आली, तिला कुलूपच बदलायचं होतं. तिसरी काहीच कारण न सांगता दारात उभी राहिली आणि काकूंनी खिळ्यावरून किल्ली काढून दिली. सगळ्या फार गोड बोलत होत्या. शेवटी बकुळची सासू आली. किल्ली घेतल्यावर म्हणाली, "उद्या आम्ही त्या मास्तरणीच्या कॉलेजात जातो, शरदिनीबाई. तुम्ही सांगाल ना तिथे, तिने टोपलीत हात घातला म्हणून?"

"सांगेन की."

"म्हणजे तिला तरी काढतील. नाहीतर लोक काय, तुमच्यावरही बोलतात."

ती गेल्यावर काकूंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि ती पुरचुंडी ताटात उलटी केली. चोराने तांदूळ कुठून आणले ते कळायला हवं होतं. त्यांनी तांदूळ बोटांनी पसरले. जाडे, मोडके. रेशनचे. बोळात सगळ्यांकडेच तेच. हळकुंड बारीक. खारीक अर्धीच. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सुपारी उचलून खिडकीशी नेली.

सुपारीला भोक होतं, आणि भोकाच्या कडेला वाळलेलं कुंकू.

ती त्यांच्या घरची होती. गेल्या महिन्यातल्या कुठल्याशा यजमानाच्या पूजेत गणपती म्हणून मांडलेली. पूजा झाली की सुपारी बदलायची, हे भटजीच्या बायकोला सांगायला नको. पण चांगल्या सुपाऱ्या डब्यात राहाव्यात म्हणून आज पहाटे त्यांनी ही किडकी पुसून ओटीत घातली होती. गंगेला पोचायची होती, कोण बघतंय. खारीकही त्यांनीच अर्धी मोडली होती.

म्हणजे ओटी इथे होती. गंगेत काय गेलं, ते ओंजळीत धरून त्यांनी स्वतःच सोडलं होतं, वर नमस्कार करून.

नरहरपंत पाणी प्यायला आत आले. त्यांनी ताट पाहिलं, सुपारी पाहिली. "ही आपलीच ना? खरेंच्या सत्यनारायणातली."

"कशावरून?"

"मला सुपारी कळते. तीस वर्षं त्यांनाच नमस्कार करतोय." मग त्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी भांडं खाली ठेवलं. "ओटीत घातली होतीस?"

काकूंनी मान डोलावली.

"उद्या मी कॉलेजात जाऊन काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"जे बघितलंस ते सांग."

"मी तिला टोपलीत हात घालताना बघितलंय. खरंच बघितलंय."

"आणि ही?"

"ही फक्त आपण बघितली."

पंत दारापर्यंत गेले. "ही चुलीत घालून टाकलीस तर कुणाला कळायचं नाही," ते म्हणाले. "मी काही बोलणार नाही. फक्त मला उद्यापासून घरच्या पूजेच्या संकल्पात तुझं नाव घ्यायला लावू नकोस."

काकूंनी सुपारी चुलीत घातली नाही. पदराच्या टोकाला बांधली. फळीवर सात किल्ल्या उरल्या होत्या. त्या त्यांनी मोजल्या, आणि पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की आपलं मोजणं बरोबर असेलच असं नाही, म्हणून पुन्हा मोजल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे नावेपाशी कुणी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण बायका आल्या होत्या. कॉलेजात जायच्या आधी मृणालिनीला तोंडावर विचारायचं म्हणून आल्या होत्या. मृणालिनी पायरीवर उभी होती, पाट नाही, शिट्टी नाही.

काकूंनी पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला.

"ही काल पुरचुंडीत निघाली. ही माझ्या घरची आहे," त्या म्हणाल्या. "वापरलेली आहे, किडकी आहे, आणि गंगेच्या ओटीत मीच घातली होती. म्हणजे ओटी टोपलीतच राहिली. सोनं मी बुडवलं. हिचा काही संबंध नाही."

लतिका वाकून सुपारी पाहत राहिली. "वापरलेली सुपारी गंगेला?"

"हो."

"काकू, आमच्या मंगळागौरीला सुपाऱ्या तुमच्याकडूनच आल्या होत्या."

"त्या नव्या होत्या," काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बहुतेक."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बकुळच्या सासूने तोंड फिरवलं. मृणालिनी काकूंकडे बघत होती. रागाने की कसं, ते काकूंना कळेना. ती एवढंच म्हणाली, "विष्णुभैया, नाव सोडा. ऊन चढलं की पाण्यात काही दिसणार नाही."

"मल्लाहांनी काढलं असेल एव्हाना," काकू विष्णुकडे न बघता पुटपुटल्या. सवय एका सकाळीत जात नाही.

बांबूभोवती आठ जणी गोल उभ्या राहिल्या. पाणी संथ होतं. आधी त्यांनी पायांनी वाळू चाचपली. शिंपले, एक फुटकी पणती, कुणाचं तरी नाणं. मग बकुळने दीर्घ श्वास घेतला आणि आत गेली. वर आली, केस तोंडावर, हात रिकामे. पुन्हा गेली. लतिका गेली. दोन्ही हात वाळूत हवे होते, नाक धरायला हात उरला नव्हता. चारदा, सहादा, दहादा. वर यायच्या, खोकायच्या, एकमेकींना "तिकडे बघ, मी इथलं बघितलंय" म्हणायच्या आणि परत आत. सूर्याकडे कुणी वळलं नाही. काकूही नेसत्या लुगड्यानिशी कमरेपर्यंत येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यापुढे पाय उचलेना.

"नऊ दिवस घसा फोडला मी," मृणालिनी त्यांच्याजवळून जाताना म्हणाली. "पहिल्याच दिवशी सोनं टाकायला हवं होतं."

काकूंनी पायाने समोरची वाळू चाचपली.

पुरचुंडी बकुळला सापडली. बांबूच्या बुडाशी, वाळूत अर्धी रुतलेली. गाठ काकूंची होती, सात वेढ्यांची, पाणी लागून इतकी घट्ट झालेली की दातांनी सोडावी लागली. पाटल्या, साखळ्या, कुड्या, अंगठी, सगळं निघालं. बायकांनी आपापलं ओळखून घेतलं. काकूंच्या हातात नुसता ओला खण उरला. नाव परत येताना त्यांच्याशी कुणी वाईट बोललं नाही. कुणी फारसं बोललंच नाही.

त्यानंतरच्या पहाटे सगळ्या ओक्याबोक्या हातांनी आल्या. सोनं घरीच ठेवलं, म्हणाल्या, सोपं पडतं. फळीवरच्या किल्ल्या आदल्या संध्याकाळपर्यंत चारवर आल्या होत्या, त्यात बकुळकडची परत आली म्हणून पाच. सासूला न विचारता तीच आणून देऊन गेली होती.

काकू रेतीवर छत्री घेऊन बसल्या. राखायला काही नव्हतं. थोड्या वेळाने मृणालिनी आली आणि तिने एक पाट त्यांच्यासमोर ठेवला.

"तुमचाच आहे. पंतांनी दिला काल. म्हणाले, घरी रिकामा पडलाय."

"मी नाही शिकणार या वयात."

"मग बाहेर बसून काय करणार?"

काकूंनी पाटाकडे पाहिलं. मग हातातल्या दोन पाटल्या काढल्या. कुणाकडे द्याव्यात म्हणून चहूकडे नजर फिरवली. बायका पाण्यात होत्या. शेवटी त्या नावेपाशी गेल्या.

"विष्णु, हात पुढे कर. आणि पाठ नको. इकडे तोंड करून बस, दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."

"जी, माताजी."

मृणालिनीने त्यांच्या पोटाखाली हात दिला. पाट छातीशी धरून काकूंनी पाय मारले, तोंड पाण्यात घातलं, आणि लगेच मान वळवून काठाकडे पाहिलं. पाटल्या होत्या. पुन्हा तोंड पाण्यात, पुन्हा मान वळवून काठ. पाणी कानात गेलं, डोळ्यांत गेलं, पण दर दोन लाथांनी मान फिरत होती, कारण विष्णुवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"बघा," मृणालिनी बाकीच्यांना म्हणाली. "श्वास असा घ्यायचा असतो. मान फक्त एका बाजूला, आणि चुकवायची नाही. काकू, घरी सराव केलात का?"

काकूंनी तोंडातलं पाणी थुंकलं. "मोठ्याने बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याचं लक्ष इकडे जातंय."