मागितलेली मुदत

थंडीतल्या कोवळ्या उन्हात वडिलांचा वकिलीचा काळा कोट दोरीवर पडला की अंगणभर डांबरगोळ्यांचा वास पसरे. त्या वर्षी त्याच दोरीवर शेजारी बंद गळ्याचा नवा कोट आला, आणि त्याला अजून कुठलाच वास नव्हता.

संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झाले, आणि विलीनीकरणाच्या कागदपत्रांतली वडिलांची चिकाटी दिल्लीत कुणाच्या तरी नजरेत भरली. बडा गणपतीजवळच्या आमच्या घरातून टांग्याने कोर्टात जाणारा माणूस आता परदेशातल्या वकिलातीत जायचा होता. आई नव्हती; तिथे पाहुण्यांच्या स्वागताला, इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून, मी बरोबर येणार हे त्यांनी गृहीत धरले होते. मला इथल्याच कॉलेजात नाव घालायचे होते. ते मी कुणाला सांगितले नव्हते.

निघण्याआधीच्या रविवारी त्यांनी घरीच मेजवानीची तालीम ठेवली. अशिलांची बाके जोडून, वर पांढरी चादर घालून टेबल झाले. बाररूममधले दोन स्नेही परदेशी पाहुणे बनून काट्याने पुरणपोळी तोडू लागले.

"वकीलसाब, हाताने खा ना! इथे कोण साहेब बघतोय?" आत्या त्यांना म्हणाली.

मी हवामानावर इंग्रजीत बोलायचे होते. शब्द सगळे येत होते. आवाज तेवढा फुटेना.

"घाबरते जरा," वडील म्हणाले. "तिथे गेली की सुधारेल."

आत्या तूप वाढता वाढता थांबली. "अण्णा, अशिलाला विचारल्याशिवाय तू कधी तडजोड केली नाहीस. हिला कधी पूछा क्या?"

वडिलांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून, पण कोर्टातल्यापेक्षा पुष्कळ हलक्या आवाजात, विचारले, "बोल, तुझं म्हणणं काय?"

"मुदत हवी," मी म्हणाले.

स्नेही मोठ्याने हसले. वडील हसले नाहीत. "दिली," एवढेच म्हणाले.

ते एकटेच गेले. एका देशातून त्यांची दुसऱ्या देशात बदली झाली. पत्रांतून तिथले बर्फ, झाडे, लांबलेली संध्याकाळ येत राहिली, तो प्रश्न पुन्हा आला नाही. मी उत्तर टाळले, असे कॉलेजात जाता-येता मला बरेच दिवस वाटे. पण उभी वकिली तारखा मागण्यात गेलेल्या माणसाला त्या मुदतीतला नकार त्याच क्षणी ऐकू आला असावा.

काळा कोट मी दर थंडीत उन्हात टाकते. दुसऱ्या कोटाला एव्हाना कुठला वास लागला असेल, मला ठाऊक नाही.