पाहुण्याचा कायमचा पत्ता

गुरुवार, ८ जानेवारी. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नागपूरपलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका गल्लीतल्या स्लॅबच्या घरात सुचिता खवसे आईला डाव्या कुशीवर वळवत होत्या. आई, कलाबाई, ब्याऐंशी वर्षांच्या. दीड वर्षापूर्वी खुबा मोडला तेव्हापासून बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, टाचांखाली उशी सरकवायची. सुचिताबाई मस्कतच्या एका खासगी इस्पितळात बावीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे हे सगळं त्या न बोलता करतात. बोलायचं काम कलाबाई करतात.

"जावईबापूले चहा देल्ला का वं?"

"त्यांनी स्वतः केला, आई. तुझाही त्यांनीच केला."

"हळू बोल. गल्ली आयकते."

जावईबापू म्हणजे यान फेरमूलेन, वय सदुसष्ट, मूळचे रॉटरडॅमचे. अडतीस वर्षं लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. मस्कतच्या इस्पितळात लिफ्ट बसवायला आले, तेव्हा सुचिताबाई तिथं अतिदक्षता विभागात होत्या. २०२२ साली नागपुरात नोंदणी पद्धतीनं लग्न झालं, पुढच्या वर्षी दोघंही निवृत्त झाले आणि सौंसरला येऊन राहिले. निवृत्तीनंतर कुठल्या देशात जावं याच्या ज्या याद्या गोऱ्या लोकांमध्ये फिरत असतात, त्यात सौंसरचं नाव नाही. यान यांचा एक मित्र पोर्तुगालमध्ये आहे, एक थायलंडमध्ये. थायलंडमध्ये समुद्र आहे. सौंसरमध्ये सासू आहे.

पासपोर्टवरचं नाव गल्लीनं स्पेलिंगबरहुकूम वाचलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना जानराव केलं, तोंडावर जानरावबापू. त्यानंतर लाड सुरू झाले. त्यांनी पिशवी उचलली की ती कोणीतरी काढून घेई. खुर्ची नेहमी त्यांना, बाकीच्यांना ओटा. ते आले ते वर्ष नेमकं अधिकमासाचं होतं, म्हणजे जावयाच्या महिन्याचं. कलाबाईंनी परंपरेप्रमाणे तेहतीस अनारसे दिले. हे एका बैठकीत संपवायचे असतात असं यान यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि संपवायचे नसतात हेही नाही. डच माणूस ताटात काही टाकत नाही. त्या संध्याकाळी सुचिताबाईंना नर्सिंगचा अनुभव घरच्या घरी कामी आला.

एवढ्या मानाच्या माणसाचं एकच चुकत होतं. ते परत जात नव्हते.

या भागात जावयाला देवाखालोखाल मान आहे आणि देवासारखंच त्यानं अधूनमधून दर्शन द्यावं अशी अपेक्षा आहे. सासरी कायम राहणाऱ्याला घरजावई म्हणतात आणि तो शब्द कोणी तोंडावर उच्चारत नाही. खवसेंच्या घराची अब्रू सांभाळायची म्हणून गल्लीनं न ठरवता एक ठराव केला होता: जानराव पाहुणे आहेत. अडीच वर्षं भेटणारा प्रत्येक जण त्यांना विचारी, "केव्हा आले?" ते प्रामाणिकपणे तारीख सांगत. प्रत्येक जण ती न ऐकल्यासारखी करी.

ही सभ्यता नोव्हेंबरात महागात पडली.

यान यांच्या मुक्कामाच्या परवान्याची मुदत ३१ जानेवारीला संपते. ती वाढवायची तर हा गृहस्थ दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहतो, असं स्थानिक पोलिसांनी शेजाऱ्यांना विचारून लिहून द्यावं लागतं. हवालदार अंकुश डिगरसे चौकशीला आला, तेव्हा यान आणि सुचिताबाई मोतीबिंदूच्या तपासणीसाठी नागपूरला गेले होते. समोरच्या ओट्यावर भिवाजी खवसे बसले होते. हे सुचिताबाईंच्या दिवंगत वडिलांचे, रामाजींचे, चुलतभाऊ. वय चौऱ्याहत्तर, लोधीखेड्याच्या रस्त्याला संत्र्याचा बगीचा.

"काकाजी, इथं कोणी विदेशी राहते का?"

"विदेशी? नाही बाप्पा."

"कलाबाईच्या घरी?"

"थो आमचा जावई आहे. विदेशी कायचा?"

"बरं, जावई. पण राहते का इथं?"

"जावई सासरी राहत असते का, हवालदारसाहेब? तुमची सासुरवाडी कोणती?"

"मोहगाव."

"तुमी राहता का मोहगावले?"

"नाही ना."

"मंग? हे बी तसेच. सणासुदीले येते."

आतून, कोणी विचारलेलं नसताना, पलंगावरून कलाबाईंनी दुजोरा दिला: "पाव्हणे आहेत. जातीन."

समोर ब्लाउज शिवणारी शेजारीण गायत्री हीही त्याच अर्थाचं बोलली. अंकुश लोधीखेड्याचा, या मंडळींना काय म्हणायचं आहे ते त्याला बरोबर कळलं होतं. पण त्याच्या फॉर्मवर समजुतीला रकाना नव्हता. त्यानं लिहिलं: सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, सणासुदीला येतो. खाली भिवाजींनी कौतुकानं सही केली. संध्याकाळी नागपूरहून परतलेल्या सुचिताबाईंना त्यांनी ओट्यावरूनच सांगितलं, "पोलीस आला होता. सांभाळून घेतलं म्या."

काय सांभाळलं ते डिसेंबरात टपालानं कळलं. निवासाची खात्री न झाल्यानं अर्ज पुढे पाठवता येत नव्हता. सुचिताबाईंनी फेरचौकशीचा अर्ज दिला. तीही तशीच निघाली, तर महिनाअखेर यान यांना देश सोडावा लागणार होता. रॉटरडॅमचं भाड्याचं घर त्यांनी कधीच सोडलं होतं. सुचिताबाईंना त्यांच्याबरोबर जाणं शक्य नव्हतं, कारण कलाबाईंना दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि ते सौंसरमध्येच करावं लागतं.

फेरचौकशीची तारीख ८ जानेवारी ठरली. आदल्या दुपारी सुचिताबाई भिवाजींच्या ओट्यावर गेल्या.

"काका, उद्या खरं सांगायचं. ते इथंच राहतात."

"सुची, तू बाहेर राहिलेली. तुले समजत नाही. लोक काय म्हणतात मालूम आहे? दूरचा जावई फुलासारखा, गावातला अर्धा, अन् घरातला गधा. ज्याच्या मनात आलं त्यानं लादला."

"लादू द्या."

"रामाजी असता तर म्या हे तोंडातून काढलं असतं का? त्याच्या घराची इज्जत आहे."

"बाबा असते तर तुम्हाला एकच विचारलं असतं त्यांनी. एकतीस तारखेला हे गेले, तर सुचीनं आईला टाकून जायचं की नवऱ्याला सोडून राहायचं? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करते."

भिवाजींनी संत्रं सोलायला घेतलं. विचार करायचा असला की ते संत्रं सोलतात. त्या दुपारी चार सोलली. मग तोडगा काढला.

"असं करू. भाड्यानं राहते म्हणू. किरायदार. त्याच्यात काई कमीपणा नाही."

उघड्या दारातून पलीकडे कलाबाईंना हे ऐकू गेलं. "जावयाकडून किराया घेऊ? भिवाजी, मले मरायच्या आंधी नरकात धाडता का?"

"मंग काय म्हणता, वैनी?"

"पाव्हणे म्हणा."

"वैनी, पाव्हणे म्हटलं म्हणूनच तं घोटाळा झाला!"

"मंग लांबचे पाव्हणे म्हणा."

या पातळीवर चर्चा पाऊण तास चालली. गायत्रीनं मशीन थांबवून एक सूचना केली की जानराव आजारी आहेत आणि उपचारासाठी थांबले आहेत असं सांगावं, बायको नर्सच आहे. जानराव त्याच वेळी समोर कपडे वाळत घालत होते आणि प्रकृतीनं भिवाजींपेक्षा ठणठणीत दिसत होते. सूचना मागे घेतली गेली. भिवाजींनी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सुचिताबाई परत आल्या आणि आईची कूस बदलली.

तर गुरुवारी अंकुश अकरा वाजून वीस मिनिटांनी मोटरसायकलवरून आला. त्याच्यासाठी खुर्ची आली, चहा आला. गल्लीतल्या बायकांना एकाच वेळी अंगणात वाळवणाची आठवण झाली. जानेवारीत वाळवण काय घालतात, हे कोणी विचारलं नाही. यान इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. खुर्ची एकच होती, आणि यान समोर असताना ती दुसऱ्या कोणाकडे जाणं अडीच वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

अंकुशनं फॉर्म मांडीवर घेतला. "काकाजी, सांगा. हे इथं राहते का?"

भिवाजींनी आधी रस्त्याकडे पाहिलं, मग कलाबाईंच्या दाराकडे, मग सुचिताबाईंकडे. सुचिताबाईंनी नजर हटवली नाही.

"राहते."

"केव्हापासून?"

"झाले अडीच वर्ष."

"मागच्या टायमाले तुमी सणासुदीले येते म्हणे."

"आले सणालेच. सण लांबला."

गल्लीत हसू फुटलं. अंकुशही हसला, पण पेन खाली ठेवलं नाही. "काकाजी, सण लांबला असं लिहू का? वर साहेब वाचते."

"राहते लिहा. पक्के राहते."

"कोणत्या नात्यानं?"

हा रकाना नोव्हेंबरात रिकामाच राहिला होता, कारण राहतच नाही तर नातं कशाला. आता तो भरायचा होता. उत्तर अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. भिवाजींच्या तोंडात ते आलं आणि तिथंच थांबलं. गायत्री टीप उसवायला लागली. सुचिताबाईंनी तोंड उघडलं, तसा अंकुशनं हात वर केला: "मॅडम, तुमी नाही. शेजाऱ्यानं सांगा लागते."

"जावई," भिवाजी म्हणाले.

"जावई तं झाला. जावई म्हणून राहते म्हणजे काय? फॉर्मवर काय लिहू?"

तेव्हा दारातून यान बोलले. त्यांचं मराठी या गल्लीत तयार झालेलं आहे, पुस्तकात नाही.

"मी घरजावई. मी इथंच राहून राहिलो."

आत कलाबाईंनी पदर तोंडावर ओढला. या शब्दात वाईट काय आहे, हे यान यांना सुचिताबाईंनी दोनदा समजावून सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि दोन्ही वेळा म्हणाले की वर्णन तर बरोबर आहे. लिफ्टवर जेवढं वजन लिहिलेलं असतं तेवढंच ती उचलते. त्यात मानापमानाचा प्रश्न येत नाही. पाठीमागे आपल्याला काय म्हणतात, हेही त्यांना पहिल्या पावसाळ्यापासून माहीत होतं. भिंती पातळ आहेत आणि लोकांना वाटतं त्याहून जास्त मराठी त्यांना समजतं.

"काकाजी?" अंकुश म्हणाला. "हे म्हणतात ते बरोबर आहे का?"

भिवाजींना मोठा आधार मिळाला होता. शब्द त्यांच्या तोंडातून गेला नव्हता. "आता त्याईनंच म्हटलं तं म्या काय म्हणू? घरचा माणूस खोटं बोलन का?"

"म्हणजे बरोबर?"

"बरोबर."

अंकुशनं लिहिलं. आतून आवाज आला, "लिवा, पण मोठ्यानं वाचू नका, बाप्पा."

पण सही घेण्याआधी जबाब वाचून दाखवावा लागतो. अंकुशनं तो वाचला, ठाण्यात वाचतात तसा, शेवटच्या घरापर्यंत पोचेल अशा आवाजात: सदर विदेशी इसम हा श्रीमती कलाबाई खवसे यांचा घरजावई असून अडीच वर्षांपासून दिलेल्या पत्त्यावर कायम राहतो. अडीच वर्षं जे झाकलं ते बावीस सेकंदांत जाहीर झालं. भिवाजींनी सही केली. गायत्रीनं केली. यान यांनी पुढे होऊन हवालदाराशी हात मिळवला आणि रिकामा कप आत नेऊन विसळला. या वेळी तो कोणी त्यांच्या हातातून काढून घेतला नाही.

अहवाल दुपारीच ठाण्यातून पांढुर्ण्याला, जिल्ह्याच्या कार्यालयात गेला. परवाना वाढला असं अजून कोणी म्हटलेलं नाही. अर्ज पुढे गेला, एवढंच सुचिताबाईंच्या मोबाइलवर आलं. तो संदेश त्यांनी यान यांना दाखवला, मग कलाबाईंना वाचून दाखवला.

"आता तं हे जातच नाही," कलाबाई म्हणाल्या.

"नाही, आई."

"मंग पोरीच्या नवऱ्यासारखं वागवत जा त्याले. रोज रोज गोड कोण करन?"

चार वाजता भिवाजी दारात आले. एरवी पाहुण्यासाठी आणत तशी संत्री या वेळी आणली नव्हती. हातात वहीचा फाडलेला कागद होता. गल्लीत नऊ घरांची मिळून एक बोअरवेल आहे. तिची मोटर कोणी कधी सुरू करायची, कोणाची टाकी आधी भरायची, कॉक कोणी फिरवायचा, याची पाळी या कागदावर असते. त्यात फक्त राहणाऱ्यांची नावं घालतात. पाहुण्यांना कोणी मोटरीवर पाठवत नाही.

"जानराव," भिवाजी म्हणाले. बापू गळालं होतं. "नाव टाकलं तुमचं. कॉक उलटा फिरते, ध्यान ठेवजा."

"किती वाजता?" यान यांनी विचारलं.

उद्या शुक्रवार आहे. मोटर पहाटे साडेपाचला सुरू होते, एक तास चालते, आणि यादीप्रमाणे पाळी जानराव फेरमूलेन यांची आहे.