काकांचं खोडरबर

शर्टाच्या खिशात माणसं पेन ठेवतात, चष्मा ठेवतात, फार तर तंबाखूची पुडी. काकांच्या खिशात खोडरबर असायचं. पांढरं, बिनवासाचं. बंद पडलेला कॉम्प्युटर समोर आला की त्यांचा हात आधी खिशाकडे जायचा आणि मग ते म्हणायचे, "घाबरायचं नाही. एकेकट्याला विचारायचं."

भिवंडीत टेमघरला माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे, तेव्हा ते खोडरबर माझ्याकडचंच. हल्लीच्या पोरांना स्ट्रॉबेरीच्या वासाची खोडरबरं लागतात. बिनवासाची मी एकट्या काकांसाठी मागवायचो. "शेठ, एक द्या," म्हणायचे. माझं दुकान तुम्ही पाहिलंत तर 'शेठ' ही थट्टा होती हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

काल्हेरच्या एका गोडाऊनमधले कॉम्प्युटर सांभाळायची त्यांची नोकरी होती. ड्युटी संपवून आले की मग आमच्या गल्लीचे, सगळ्यांचेच काका. सुटे भाग आणून घरच्या घरी कॉम्प्युटर जोडायचा नाद त्यांनीच आमच्या गल्लीला लावला, आणि मग तो निस्तरतही तेच बसले. भिवंडीत आधीच हवेत कापूस. पॉवरलूमचं तूस खिडकीतून येतं आणि जिथं जाऊ नये तिथं जाऊन बसतं. रॅम म्हणजे बोटभर लांबीची एक पट्टी, ती मदरबोर्डच्या खाचेत बसते. तिच्या सोनेरी कडेवर मळ चढला की मशीन उठत नाही, नुसतं बीप-बीप करतं. काका पट्टी काढून ती कड खोडरबरनं घासायचे. निम्मी दुखणी तेवढ्यावरच बरी व्हायची.

उरलेली निम्मी जोडीची. दोन पट्ट्या एकेकट्या झकास चालतात, एकत्र लावल्या की मशीन अडतं. किंवा पट्टी एका पिढीची आणि बोर्ड दुसरीचा. शेजारच्या लूमच्या फिटरनं एकदा जुनी पट्टी नव्या बोर्डावर बसेना म्हणून तिला सरळ कानस मारली होती. जन्मभर लोखंडाशी गाठ, त्याला दुसरं काय सुचणार? काकांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "भाई, ये रॅम है. दरवाज़ा नहीं." मग त्याला राग येऊ नये म्हणून त्याच्याकडचा चहा दोनदा प्याले.

त्यांच्या हातून चुका होत नव्हत्या असं समजू नका. विसरभोळेपणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कुणाचा स्क्रू, कुणाची वायर, काही ना काही त्यांच्या घरी राहून जायचं. आमच्या कॉम्प्युटरचं झाकण तसंच राहिलं. आत पंखा बसवायला त्याला भोक पाडून आणतो म्हणाले, घेऊन गेले, आणि विसरले. आमचा डबा एका बाजूनं उघडाच.

तो कॉम्प्युटर बायकोचा होता, काकांनीच जोडून दिलेला. ती काल्हेरलाच पॅकिंगला जायची, दिवसभर उभ्यानं, आणि तिच्या कमरेनं आता हात टेकले होते. कापडाची डिझाइनं काढायला ती शिकली होती. एका पार्टीनं तिला घरी बसून करायचं काम देऊ केलं, पण आधी नमुने मागितले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पाठवले तर काम कायमचं, नाही तर परत पॅकिंग. आईला हे पटलं नव्हतं. आई अंबाडीकडच्या खेड्यातली, बोलायला फटकळ. "हातातली नोकरी सोडून डब्यापुढं बसायचा? डबा काय पगार देनार हाय?" असं तोंडावर म्हणाली होती. तेव्हापासून दोघींमध्ये अबोला. मी मधल्या मध्ये निरोप्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं बटण दाबलं आणि मशीन बीप करायला लागलं. नमुने आत, आणि पडदा काळा. ती खुर्चीवर बसली ती उठेचना. मी काकांना बोलावून आणलं.

"घाबरायचं नाही, ताई," काका म्हणाले. पट्ट्या दोन होत्या. त्यांनी दोन्ही काढल्या, पहिली एकटी लावली, मशीन उठलं. दुसरी तिथंच एकटी लावली, तरीही उठलं. मग तीच पट्टी शेजारच्या खाचेत लावली. बीप. पहिली लावली. बीप. म्हणजे पट्ट्या निर्दोष, दुखणं खाचेत. त्यांनी पट्टीची कड खोडरबरनं घासली आणि खोडरबर बघून थांबले. मी शेजारी बॅटरी धरून उभा होतो, मलाही दिसलं. खोडरबर लाल झालं होतं. बॅटरी खाली नेली तर खाचेत कुंकू भरलेलं, वर तांदळाचा एक दाणा आडवा पडलेला.

आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा झाली होती. दुकानातलं झेरॉक्स मशीन, कात्री, माझी मोटरसायकल, सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता. या डब्याला कुणी लावलं, ते विचारायची गरजच नव्हती. बायकोला हे कळलं तर ती एकच अर्थ काढणार होती, आईनं मुद्दाम बिघडवलं असा, आणि त्या अर्थाला घरात जागा नव्हती.

काकांनी खोडरबर खिशात टाकलं. "ताई, चहा टाका. शेठ, दुकानातून एक ब्रश आणा, रंगकामाचा, मऊ." मी निघालो तेव्हा ते आईला हाक मारत होते, "मावशी, जरा इकडं येता का?" मी जिन्यात थांबलो. तुम्हीही थांबला असता.

"मीच लावला," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "डबा उघडाच व्हता. आतमदी लावला म्हंजे लागू पडंल, असा वाटला. तिचा काम टिकावा म्हनून लावला, भाऊ. तिला सांगू नका. तिला खरा न्हाय वाटनार."

"झाकण माझ्या घरी पडलंय, मावशी," काका म्हणाले. "म्हणजे चूक माझीच. हळू बोला."

ब्रशनं खाच साफ झाली, दाणा निघाला. चहा घेऊन बायको आली तेव्हा काका म्हणाले, "ताई, माझं चुकलं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या लावल्या होत्या, बोर्डाला जोडी मानवली नाही. जोडीची पट्टी आणतो."

बायको त्यांना बोलली. चांगलंच बोलली. "तुमच्या भरवशावर मी नोकरी सोडायला निघाले होते, काका." ते खाली मान घालून ऐकत होते. आई दारात उभी होती, तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि बायकोला वाटलं ते कॉम्प्युटरसाठी आहे.

काका घरी गेले आणि स्वतःच्या कॉम्प्युटरमधली, एकाच कंपनीची, एकाच वेगाची जोडी काढून घेऊन आले. आमच्या दोन्ही पट्ट्या त्यांनी नेल्या. खरं तर गरज नव्हती, मशीन चालत होतं. जिन्यात मी तसं म्हणालो तर म्हणाले, "नुसतं बोलून कसं चालेल, शेठ? बोललो तर बदलायलाही नको?" मला कळलंय हे त्यांनी ओळखलं असावं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पुढं त्यांचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा, कारण बेजोड पट्ट्यांमध्ये वेगवान पट्टीलाही हळू पट्टीच्या चालीनं चालावं लागतं. "आमचं म्हातारं झालंय," एवढंच म्हणायचे.

नमुने संध्याकाळी गेले. बायको आजही त्याच मशीनवर काम करते. झाकणही आलं, दिवाळीनंतर.

त्या दिवसापासून आई बायकोशी बोलायला लागली. आधी चहाचं विचारलं, मग कमरेचं. पुढं दर दसऱ्याला काकांच्या घरी सोनं द्यायला ती स्वतः जायची, दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायची नाही. काका बौद्ध, घरी पूजाअर्चा नाही. आपट्याचं पान हातात घेऊन ते म्हणायचे, "पूजेचं मला काही कळत नाही मावशी, चहा कळतो." आणि आई बसायची.

यंदा पावसाळ्यात काका गेले. काविळीचं निमित्त झालं. मला त्यांची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं, पण येते. बिनवासाच्या खोडरबरांचं खोकं दुकानात तसंच आहे, पोरं हात लावत नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी आई दुकानात आली आणि म्हणाली, "एक दे. वासाचा नको." कशाला, ते मी विचारलं नाही. घरी गेलो तर पाटावर कात्री होती, मोटरसायकलची किल्ली होती, आणि त्यांच्या ओळीत ते खोडरबर. कात्रीला हळदकुंकू होतं, किल्लीला होतं. खोडरबराला आईनं कुंकू लावलं नव्हतं. नुसतं एक झेंडूचं फूल शेजारी ठेवलं होतं.

बायकोनं विचारलं, "आई, हे काय मधेच?"

"बस जरा," आई म्हणाली, "सांगते."