डाउनटाउनपासून फक्त बावीस मैल

बाकीचे लोक ट्रिपहून फ्रिजवर लावायचं मॅग्नेट आणतात, आम्ही किस्सा आणतो. ट्रिप दोन दिवसांची असते, किस्सा पुढची पाच वर्षं पुरतो. आता तर इतके साठलेत की पाहुणे जेवायला आले आणि भाजी कमी पडतेय असं दिसलं, की हेमंत मध्येच एक किस्सा वाढतो.

हेमंत म्हणजे माझा नवरा. पण या सगळ्याचा कर्ताकरविता तो नव्हे, मिलिंद. मिलिंद मूळचा नागपूरचा, गेली चौदा वर्षं डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आयटीत आहे, म्हणजे कागदोपत्री. खरं काम स्वस्तातली विमानं आणि हॉटेलं शोधणं. लाँग वीकेंड आला की त्याला ऊत येतो. हेमंत त्याचा एकनिष्ठ भक्त आहे, त्यामुळे प्रत्येक ट्रिपला आम्ही बरोबर असतोच. आणि अनघा म्हणजे मिलिंदची बायको, पुण्याची, माझी मैत्रीण. ट्रिप शोधतो तो, भोगते ती.

अनघाची मागणी एकच आणि अगदी साधी. "सकाळी उठून पडदा सरकवला की समोर शहर दिसावं. आयुष्यात एकदा. बास." हे ती लग्नानंतरच्या पहिल्या ट्रिपपासून म्हणत आली आहे. यात अवघड काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही. पण मिलिंदचं तत्त्वज्ञान वेगळं. शहर हे दिवसा बघायचं असतं, झोपायचं तिथे जिथे डील आहे. आणि डील कधी शहरात नसते.

*

सिएटलची गोष्ट. हॉटेल ठरवल्यावर मिलिंदने ग्रुपवर मेसेज टाकला, "डाउनटाउनपासून फक्त बावीस मैल!!" दोन उद्गारचिन्हं त्याची. 'फक्त' पण त्याचाच.

पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. रूममध्ये शिरल्याबरोबर अनघाने बॅगही खाली न ठेवता पडदा सरकवला. आम्ही सगळे मागे उभे. त्यांची मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची होती. तिने आईच्या बाजूने वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "डॅड, दॅट्स अ टायर शॉप."

"त्याच्या मागे बघ ना," मिलिंद म्हणाला. "टायरच्या मागे हायवे आहे, हायवेच्या मागे ती झाडं, आणि झाडांच्या मागे सिएटल आहे. ढग नसते तर दिसलं असतं."

सिएटलमध्ये ढग नसण्याची वाट बघत आम्ही दोन दिवस काढले. टॅक्सीवर किती गेले हे एकमेकांना विचारायचं नाही, असा आमच्यात ठराव झाला आहे.

*

विमानाच्या बाबतीत तर कहर. आमच्या घरापासून डॅलसचा विमानतळ पंधरा मिनिटांवर आहे. विमानं इतकी खाली येतात की गच्चीवर कपडे वाळत घातले असते तर चाकाला लागले असते. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने विमान कुठून पकडावं? ऑस्टिनहून. कारण तिकिटामागे साठ डॉलर कमी.

म्हणून एका शुक्रवारी पहाटे निघून आम्ही तीन तास ड्राइव्ह करून ऑस्टिनला गेलो. वाटेत दोनदा कॉफी, एकदा पेट्रोल, तिकडे तीन दिवसांचं पार्किंग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. पण मिलिंद खूश होता. विमानात बसलो, आणि तेव्हा हेमंतने बोर्डिंग पास नीट वाचला. जायचं मायामीला होतं, पण मध्ये विमान बदलायचं होतं. डॅलसला.

तासाभरात आम्ही परत आमच्याच विमानतळावर. तिथे अडीच तास बसायचं होतं. हेमंतचा भक्तिभाव पहिल्यांदा डळमळला. "अरे, हे पुढचं विमान इथूनच सुटतंय. मग आपण इथेच का नाही चढलो?"

"नाही चालत," मिलिंद समजावणीच्या सुरात म्हणाला. "पहिल्या विमानात बसलो नाही तर ते पुढचंही तिकीट कॅन्सल करतात. सिस्टिम समजून घे."

अनघा काचेला नाक लावून बाहेर बघत होती. तिकडे लांबवर आमच्याच भागातली पाण्याची टाकी दिसत होती. ती मला म्हणाली, "अडीच तास आहेत. मी घरी जाऊन मशीनमधले कपडे वाळत टाकून येऊ का?"

*

स्वस्त तिकिटात बॅग न्यायला पैसे पडतात. फुकट काय, तर पायाशी मावेल एवढी एक पिशवी. तिचं माप वेबसाइटवर असतं. मिलिंदने त्या मापाचा एक पुठ्ठ्याचा खोका करून घरी ठेवला आहे, आणि ट्रिपच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आणून रिहर्सल घेतो. प्रत्येकाने आपली पिशवी खोक्यात घालून दाखवायची. माझी एकदा मावली नाही तर म्हणाला, "वहिनी, हेअर ड्रायर कशाला हवा? तिकडे वारा आहे."

शिकागोला एकदा थंडीत गेलो. थंडीचे कपडे खोक्यात मावेनात. मग मिलिंदने मार्ग काढला. जे मावत नाही ते अंगावर घालायचं. विमानतळावर आला तेव्हा त्याच्या अंगात तीन शर्ट, दोन स्वेटर आणि वर जाकीट होतं, आणि जाकिटाच्या खिशांत आठ बेसनाचे लाडू. हात खाली येत नव्हते. डॅलसमध्ये त्या दिवशी ऊन होतं. सिक्युरिटीच्या रांगेत तो एकेक काढत गेला आणि ट्रेमध्ये ठेवत गेला. चार ट्रे भरले. मागची रांग बाजूच्या रांगेत सरकली. लाडू बाहेर आले तेव्हा त्यांची वेगळी तपासणी झाली.

तिथला म्हातारा ऑफिसर सगळं बघत होता. शेवटी त्याने अगदी सहानुभूतीने विचारलं, "सर, आर यू मूव्हिंग?"

*

मिलिंदची ठाम श्रद्धा आहे की फोन आपलं बोलणं ऐकतो, आणि शहराचं नाव तोंडातून निघालं की तिकीट वाढतं. म्हणून बुकिंग होईपर्यंत आमच्या ग्रुपमध्ये शहराचं नाव घेत नाहीत. सान डिएगो म्हणजे चिपळूण. न्यूयॉर्क म्हणजे बार्शी. बॉस्टन म्हणजे सांगली. एकदा सवय लागली की सुटत नाही. मी ऑफिसमध्ये मॅनेजरला बार्शी म्हणून गेले आहे.

बॉस्टनच्या वेळी असं झालं, की अनघा व्हिडिओ कॉलवर पुण्याला आईशी बोलत होती. शेजारी मिलिंद लॅपटॉप उघडून बसलेला. भाव खाली येत होता. आईने विचारलं, "या आठवड्यात काय बेत?" अनघा बॉस्टन म्हणणार तोच मिलिंदने डोळे वटारले. मग ती म्हणाली, "सांगलीला चाललोय गं. शुक्रवारी पोचतो, रविवारी परत."

आई नुसतं "बरं" म्हणाली. तिला वाटलं, लेक सरप्राइज द्यायला येतेय, आपण कशाला जास्त विचारा. फोन ठेवला आणि तिने लगेच सांगलीला आपल्या भावाला कळवलं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही हॉटेलात शिरलो. बॉस्टनचं हॉटेल अर्थातच बॉस्टनमध्ये नव्हतं, शेजारच्या राज्यात होतं. अनघाने पडदा सरकवला तर समोर भिंत. हाताच्या अंतरावर. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सांगलीत शनिवारची सकाळ झाली होती.

"अगं अनू, कुठे अडकलात? काल रात्रीपर्यंत वाट बघितली, आज परत दोन तास झाले स्टँडवर उभा आहे," मामा म्हणाले. "मामीने पुरण घातलंय. वरच्या मजल्यावरची खोली झाडून ठेवलीय तुम्हाला. खिडकी उघडली की अख्खं गाव दिसतं, पार कृष्णेपर्यंत."

अनघाने मामांची माफी मागितली, फोन ठेवला, भिंतीकडे बघितलं आणि मिलिंदला म्हणाली, "बघ. सांगलीत मिळत होतं."

*

आता डेन्व्हरचं सांगते, कारण तिथे अनघाचा घास अगदी तोंडापर्यंत आला होता. तिने त्या वेळी हट्टच धरला, आणि मिलिंदने पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या डाउनटाउनमध्ये, अकराव्या मजल्यावरची रूम घेतली. खिडकीतून शहर, आणि शहराच्या मागे बर्फाचे डोंगर. अनघाने वेबसाइटवरचा तो फोटो फोनच्या स्क्रीनवर लावून ठेवला होता. आमची रूम तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. आमची काही तक्रार नव्हती.

मिलिंद बुकिंग करून गप्प बसत नाही. कॅन्सल करता येतं तोवर रोज भाव बघतो, उतरला की जुनं कॅन्सल, नवं बुक. डेन्व्हरची रूम त्याने अशी सहा वेळा घेतली होती. आम्ही रिसेप्शनच्या रांगेत उभे होतो, आमचं चेक-इन झालं होतं, मिलिंदच्या पुढे एकच माणूस. आणि मिलिंदने सवयीने फोन उघडला.

"यार, अठरा डॉलरने उतरली," तो म्हणाला.

"मिलिंद, नको," अनघा म्हणाली. मी तिचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता.

"अगं दोन मिनिटांचं काम आहे. आज सहापर्यंत कॅन्सल फ्री आहे." आणि त्याने कॅन्सल केलं.

मग नवं बुक करायला गेला तर पान फिरत राहिलं, फिरत राहिलं. आमच्या मागे एक बाई उभ्या होत्या. रूम नाही म्हणून त्यांना आधीच परत पाठवलं होतं, पण त्या बिचाऱ्या आशेने फोन चाळत होत्या. त्या एकदम हसल्या आणि कुणालातरी फोनवर म्हणाल्या, "हनी, वन जस्ट ओपन्ड अप! इलेव्हन्थ फ्लोअर!"

ती त्या हॉटेलातली शेवटची रूम होती. गावात कसलीतरी मोठी कॉन्फरन्स होती, जवळपास कुठेच जागा नाही. त्या वीकेंडला आम्ही चौघं आणि इरा आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या रूममध्ये राहिलो. बाहेर कचऱ्याचे डबे. अनघा दोन दिवस मिलिंदशी बोलली नाही. तिला मीठ हवं असलं तरी ती मला सांगायची, मी मिलिंदला सांगायचे, आणि मीठ आमच्या मधून फिरून जायचं.

मी अगदी खरं सांगते, त्या वेळी मला हसू आलं नव्हतं. लिफ्टमध्ये अनघाने डोळे पुसलेले मी बघितले. माणूस एवढंसं काहीतरी मागतो आणि तेवढंच नेमकं मिळत नाही, याचं वाईट वाटतंच.

*

यंदा त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली. अनघाने मिलिंदला न विचारता शिकागोचं सगळं बुकिंग स्वतः केलं. घराजवळच्या विमानतळावरून थेट विमान. डाउनटाउनमध्ये, नदीकाठी, बाविसाव्या मजल्यावरची खोली. पूर्ण भावाने आणि नॉन-रिफंडेबल. नॉन-रिफंडेबल हा शब्द ऐकून मिलिंद दोन दिवस नीट जेवला नाही.

तिने त्याच्याकडून शपथ घेतली. फोन घरून निघतानाच तिच्या पर्समध्ये. भाव बघायचा नाही, कशाचाच. आणि विमानतळावर व्हॉलंटिअर मागितले तर हात वर करायचा नाही. हे शेवटचं का, ते सांगायला हवं. विमानात सीटपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली, की गेटवर विचारतात, कोणी स्वखुशीने मागे राहणार का, पुढच्या विमानाने पाठवू, वर व्हाउचर देऊ. मिलिंदसाठी ती घोषणा म्हणजे मांजरापुढे दूध.

इराला आमच्याकडे ठेवून दोघं गेले. मीच त्यांना विमानतळावर सोडलं. घरी येऊन चहा टाकला, तर फोन आला. अनघाच्या नव्हे, कुठल्यातरी अनोळखी नंबरवरून. आवाज मिलिंदचा.

"वहिनी, घ्यायला येता का?"

मी गेले. मिलिंद एकटाच बाहेर उभा होता, हातात त्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या मापाची पिशवी, चेहरा असा की बारशाला आलाय की बाराव्याला ते कळेना. गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं.

गेटवर घोषणा झाली. एकच सीट कमी होती, एकच माणूस हवा होता. दोनशे डॉलर. मिलिंदने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसला. चारशे. त्याने डोळे मिटले. सहाशे. त्याला घाम फुटला, पण शपथ म्हणजे शपथ, हात हलू दिला नाही. आठशे म्हटल्यावर त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला, तेवढंच. अनघा शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ती उठली, काउंटरवर गेली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'माय हजबंड विल.' माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली ना बाप्पा विमानात. फोनपण तिच्याकडेच."

"मग आता?"

"उद्या सकाळच्या विमानात सीट दिलीय. वहिनी, आठशे! एका माणसाला!"

घरी आलो, जेवण झालं. मिलिंदने हेमंतच्या फोनवरून अनघाला मेसेज केला, की उद्या दहापर्यंत पोचतो. बराच वेळ काही आलं नाही. मग एक फोटो आला. मोठी खिडकी, पडदा पूर्ण सरकवलेला, खाली नदी, पूल, दोन्ही काठांना उंच इमारती, सगळ्यांवर संध्याकाळचं ऊन. खिडकीच्या कट्ट्यावर चहाचा एकच कप. इरा म्हणाली, "वॉव." मिलिंदने फोटो मोठा करून करून बघितला.

मग खाली तिचा मेसेज आला.

"उद्याचं विमानही फुल असेल. व्हॉलंटिअर हवाय का विचारून बघ."