शिवणवालीची घोडी

ओटिलिया शिवणकाम करायची. आमच्या डोंगरावर तिला सगळे टिला म्हणत. तिचं दुकान नव्हतं. ज्या घरचे कपडे शिवायचे त्या घरी ती जाऊन राहायची, त्यांच्यातच जेवायची, आणि पोरांच्या चड्ड्यांपासून म्हाताऱ्याच्या रविवारच्या कोटापर्यंत सगळं आटोपलं की पुढच्या घरी निघायची. आमची घरं एकमेकांना हाक ऐकू जाईल इतकी जवळ नाहीत. हाफलिंगहून फ्योरानला, तिथून म्योल्टनला, लार्चच्या झाडांच्या कुरणांमधून, दगडी पायवाटांनी ती चालत जायची. तिच्या एका खुब्याचा सांधा जन्मापासूनच नीट बसलेला नव्हता. तिची चाल अशी की लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही बाई प्रत्येक पावलाला एक पायरी उतरते आहे.

मी कासियानच्या घरात सून म्हणून आले त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि दुपटी-अंगडी शिवायला टिलाला बोलावलं होतं. ती आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. शेगडीजवळच्या बाकावर बसली. मी जवाचं सूप पुढे ठेवलं. सासरे समोर बसून पाइप कोरत होते.

"मेरानला डॉक्टरकडे गेली होतीस म्हणे," ते म्हणाले.

"गेले होते."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, चालणं बंद. आता बसून राहा."

"मग? दिवसभर बसूनच असतेस की तू."

"बसायच्या जागेपर्यंत पोचायचं कसं, ते विचारलं मी. तर म्हणाला, खाली मेरानमध्येच खोली घ्या, एखाद्या कापडवाल्याकडे काम बघा." तिने चमचा खाली ठेवला. "कासियान, तुझी अफ्रा घोडी मला दे."

"अफ्रा? कशाला? ओझं काय आहे तुझं?"

"मीच."

सासरे हसत सुटले, ते खोकल्यावर जाऊन थांबले. त्यांचा सगळा जन्म घोड्यांबरोबर गेला होता. खालून धान्य आणि वाईनची पिंपं, वरून लाकूड आणि गवत. दोर हातात धरून घोड्याच्या पुढे चालायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आमच्याकडे तेव्हा घोड्यावर कुणी बसत नसे. ईस्टरला मेरानच्या शर्यतीत पोरं बसत, आणि त्यातली निम्मी पडत. बाईने, त्यातही पंचेचाळिशी उलटलेल्या लंगड्या बाईने घोडीवर बसून गावातून जायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"बसायला बाक असतो, टिला. घोडं वाहायला असतं."

"मग वाहू दे की मला."

अफ्रा तेव्हा सहा वर्षांची होती. रंग भाजलेल्या पावासारखा, आणि आयाळ जवसाच्या वाखासारखी, फिकट आणि दाट. उंचीला बेताची, माझ्या हनुवटीला तिचा खांदा लागायचा. अंगात ताकद भरपूर होती, पण तिला स्वतःचं मत होतं. घाई केलेली चालत नसे. चाबूक उगारला तर पळायचं सोडून चारी पाय रोवून उभी राहायची आणि दरीकडे बघत बसायची. म्हणून सासरे तिला बाईसाहेब म्हणायचे आणि बाकीच्या दोन घोड्यांवर जास्त भिस्त ठेवायचे. शेवटी ते म्हणाले, "वसंतापर्यंत ने. पडलीस तर मला बोल लावू नकोस." बदल्यात आमच्या घरचं शिवण टिलाने फुकट करायचं ठरलं.

पहिला दिवस वाईट गेला. माझा नवरा लेन्झ याने शर्यतवाल्या एका मित्राचं खोगीर आणलं. टिलाला बाकावर उभं केलं, अफ्राला बाकाला लावून उभी केली. टिलाने पाय पलीकडे टाकायचा प्रयत्न केला. पण त्या घोडीची पाठ म्हणजे जेवायचं टेबल. इतक्या रुंद पाठीवर मांड टाकायची तर खुबा उघडायला हवा, आणि टिलाचा खुबा उघडत नव्हता. तिने ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम आला. तरी तिने रेटलं, तेवढ्यात खोगीरच फिरलं. या घोड्यांच्या खांद्यामागे उंचवटा नसतो, पाठ गोल आणि गुळगुळीत. पोटाखालचा तंग कितीही आवळा, साधं खोगीर त्यांच्यावर ठरत नाही. लेन्झने तिला वरच्यावर झेललं.

"सांगितलं होतं," सासरे दारातून म्हणाले.

टिला वळली. तबेल्यात जाऊन अफ्राच्या मानेला टेकून उभी राहिली. मी तिला एकटीला सोडलं. थोड्या वेळाने सूप गरम आहे म्हणून सांगायला गेले, तर तिचे डोळे लाल होते, पण ती भिंतीकडे बघत होती. तिथे ओझ्याचं लाकडी खोगीर टांगलेलं होतं.

"आग्नेस, हे का गं फिरत नाही?"

मी सासऱ्यांना बोलावलं. त्यांनी नाइलाजाने दाखवलं: पुढून छातीवर पट्टा, मागे शेपटीखालून दुमचीचा पट्टा, आणि पुठ्ठ्यांवरून आणखी एक रुंद पट्टा. चढावर मागे जात नाही, उतारावर पुढे येत नाही. टिलाने गळ्यातली टेप काढली आणि अफ्राची मापं घ्यायला लागली. छाती, पाठ, पोटाचा घेर.

"बाईसाहेबांना कोट शिवतेस काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"कमरेत जरा सैल ठेवावा लागेल," ती म्हणाली.

तिने कोट नाही, बैठक शिवली. लेन्झने लाकडी सांगाड्याला उजव्या बाजूने पाठ टेकायला फळी बसवली, डाव्या बाजूला पाय ठेवायला पाट लोंबता बांधला. टिलाने नमद्याचे थर देऊन, घोड्याचे केस भरून, गादीच्या जाड पट्टेरी कापडात ती मढवली. दोन्ही पाय डावीकडे घेऊन, पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं त्यात बसता यायचं. हाताने फिरवायचं शिवणयंत्र पेटीत घालून उजवीकडे लटकवलं की तोल साधायचा. ती पहिल्यांदा त्यात बसली आणि अफ्रा अंगणातून चालत गेली, तेव्हा सासरे लेन्झला म्हणाले, "बाजाराला निघालेली राणी बघ." पण ते दार लावून आत गेले नाहीत. ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिले.

बसणं जमलं, तरी घोडी चालवणं बाकी होतं. पायाने टोचता येत नाही, लगाम ओढायला दंडात जोर नाही. अफ्राने हे पहिल्याच दिवशी ओळखलं. वाटेच्या कडेला हिरवं दिसलं की मान खाली. टिलाने ओरडून बघितलं, काठीने टोकून बघितलं. अफ्रा खात राहिली. मग टिलाने भांडण सोडून दिलं. तिने ठरवलं, कुंपणाचं प्रत्येक फाटक आलं की वाळल्या पावाचा तुकडा द्यायचा आणि मधे काही नाही. आमच्या वाटांवर फाटकं बरीच आहेत. वसंत यायच्या आत ती घोडी गवताकडे तिरक्या डोळ्यांनी बघत, पण मान वर ठेवून एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत झपाझप जायला लागली.

बोललेलं तिला फार पटकन कळायचं. थांब, हळू, जवळ. 'जवळ' म्हटलं की दगडी भिंत असो, बाक असो, चर्चची पायरी असो, ती अंग चिकटवून उभी राहायची आणि टिला चढेपर्यंत शेपूटही हलवायची नाही. एकदा मी बरोबर चालत होते. झुडपातून रानकोंबडा अचानक फडफडत उडाला, अगदी तिच्या नाकासमोरून. मीच दोन पावलं मागे सरले. अफ्रा जागच्या जागी दचकली, कान पुढे केले, कोंबडा गेला त्या दिशेला बघितलं, मोठा श्वास सोडला आणि चालायला लागली.

"घाबरत नाहीच का ही?" मी विचारलं.

"घाबरते की," टिला म्हणाली. "पण आधी बघते, मग काय करायचं ते ठरवते. माझं बरोबर उलटं आहे."

सगळंच गोड होतं असं नाही. फ्योरानच्या एका घरी खिडकीत गार व्हायला ठेवलेला अख्खा केक अफ्राने खाल्ला. घरची बाई बाहेर आली तर घोडीच्या मिशांना जॅम. "शिवणवालीला जेवण द्यायचं ठरलं होतं," ती टिलाला म्हणाली, "तुझ्या बहिणीला नव्हे." टिलाने तिच्या मुलीचा झगा फुकट शिवून दिला. पुढे त्या घरात केक कपाटात ठेवू लागले, पण बोलावणं चुकवलं नाही.

वसंत आला, गेला. घोडी परत मागायचं सासऱ्यांनी नाव काढलं नाही. पुढे अफ्राला शिंगरू झालं. टिलाने नाव ठेवलं आल्मा. ते आईमागे सगळ्या वाटा हिंडलं, घरोघरच्या अंगणात टिलाची चिंध्यांची टोपली उलथत मोठं झालं. चार वर्षांची झाल्यावर आल्माच्या पाठीवर पहिल्यांदा तशीच दुसरी बैठक ठेवली, तेव्हा तिने मागे वळून फक्त वास घेतला. जन्मापासून तेच बघत आली होती.

त्याच हिवाळ्यात सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय आला नाही. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणावर गेली आणि हा माणूस खिडकीत बसून डोंगराकडे बघत राहिला. जेवण टाकायला लागला. लेन्झ म्हणाला, मी तुम्हाला पाठीवर घेऊन जातो. त्यांनी ताट ढकललं.

टिला आमच्याकडे शिवायला आली होती. दुपारी ती यंत्र थांबवून म्हणाली, "कासियान, उद्या वर जाऊ या. तू अफ्रावर, मी आल्मावर."

"मी गवताचा भारा नाही."

"मग मी इतकी वर्षं काय होते?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "लोक बघतील."

"बघू देत. मला बघून बघून त्यांचे डोळे दुखायचे थांबले, तुझंही तसंच होईल."

सकाळी आम्ही निघालो. टिला पुढे आल्मावर. मागे अफ्रावर सासरे, तिच्या जुन्या बैठकीला टिलाने रात्रीतून रुंद पट्टा शिवलेला. लेन्झ तिच्या डोक्याशी, मी सगळ्यांच्या मागे. उजव्या हाताने सासऱ्यांनी बैठकीची लाकडी मूठ गच्च धरली होती, बोटं पांढरी होईपर्यंत. जंगलातल्या उभ्या चढावर त्यांचा तोल डावीकडे, घोडीच्या पुठ्ठ्यांकडे जायला लागला. आमच्या लक्षात यायच्या आधी अफ्रा थांबली. लेन्झने दोर ओढला, ती हलली नाही. पाय रोवून, पाठ सपाट धरून उभी राहिली. मी धावत जाऊन त्यांना सावरलं, पट्टा आवळला. मग लेन्झने काही म्हणायच्या आत तिने पाऊल उचललं. पुढे दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा सासऱ्यांनी मूठ सोडली आणि तिच्या आयाळीत हात घातला.

जंगल संपून कुरण उघडलं, तसे ते म्हणाले, "थांबवा जरा."

आम्ही थांबलो. मला वाटलं, दुखतंय काही. तर ते नुसते बघत होते.

"इथून सगळं दिसतं," ते म्हणाले. "फ्योरानच्या चर्चचा कळससुद्धा. मी आयुष्यभर घोड्यांच्या पुढे वाटेतले दगड बघत चाललो."

टिला पुढून म्हणाली, "मग? बसायला बाकच बरा का?"

"तू गप्प बैस, पोरी," ते म्हणाले, पण हसले. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसत होते, अर्ध्या तोंडाने.

त्या उन्हाळ्यात ते बऱ्याचदा वर गेले. पुढच्या वसंताआधी वारले, झोपेतच.

नंतरच्या वर्षांत उन्हाळी पाहुणे वाढले. त्यांना टिलाची घोडी दिसायची आणि तशी आपल्यालाही मिळेल का, असं ते विचारायचे. लेन्झने घोडे ठेवायला सुरुवात केली. टिलाने घेतलेल्या मापांवर मेरानच्या खोगीरवाल्याने या गोल पाठींना बसेल असं रुंद खोगीर करून दिलं. प्रत्येक नवा घोडा मात्र आधी एक हिवाळा टिलाकडे. शिवणयंत्र, कात्र्या आणि ती. जो त्या फेऱ्या मुकाट्याने करायचा, त्याच्यावर आम्ही डोळे मिटून परक्याचं मूल बसवायचो. एखादा आळशी निघायचा, एखादा हट्टी. दुष्ट मला एकही आठवत नाही. अफ्रा म्हातारी होऊन आमच्याच कुरणात गेली.

टिला शेवटपर्यंत आल्मावर हिंडली. एका ऑक्टोबरात म्योल्टनहून लग्नाचा झगा पुरा करून आली, खोकत होती. आमच्या वरच्या खोलीत निजली, आणि आठवड्याभरात न्यूमोनियाने गेली. मी दुसऱ्या दिवशी तबेल्यात गेले. आल्मा नेहमीसारखी चारा खात होती. घोड्यांना काय वाटतं ते मला सांगता येणार नाही. मी तिला खरारा केला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

पुढच्या उन्हाळ्यात म्युनिकहून एक निवृत्त शिक्षिका आल्या, गुडघे दुखणाऱ्या, कधी घोड्यावर न बसलेल्या. लेन्झने त्यांना आल्मा दिली. संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा मी विचारलं, भीती नाही ना वाटली?

"एकदा वाटली," त्या म्हणाल्या. "वरच्या वळणावर मी घसरले थोडी. पण ही आधीच थांबली होती."